राहून गेलेलं छत

भिंत कुणीही रंगवतं, असं छतवाल्या काकूंचं स्पष्ट मत होतं, आणि ते त्या गिऱ्हाइकासमोर, नवऱ्याच्या देखत, बिनदिक्कत बोलून दाखवत. नवऱ्याचं काम भिंतीचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्री मान खाली घालून हसत आणि पुट्टी कालवत राहत. भिंतीवर चूक झाली तर पुढे कपाट सरकवता येतं, तसबीर टांगता येते. छतापुढे काय सरकवणार? शिवाय माणूस भिंतीकडे पाठ करून बसू शकतो. छताकडे पाठ करायची तर पालथंच पडावं लागतं. हे काकूंचं दुसरं मत.

बावीस वर्षं त्यांनी लोकांची छतं रंगवली. दिवाणखान्यांची, दवाखान्यांची, एका शाळेची झाडून सगळी. एका निवृत्त हेडमास्तरांचं छत तर तीनदा, कारण आरामखुर्चीत पडून दोष शोधण्यापलीकडे हेडमास्तरांना काम उरलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्यांना एकही दोष सापडला नाही. त्यांनी चहा पाजला, पण तोंड पाडून.

पद्धत ठरलेली होती. दोन घोडे, म्हणजे दुपाखी शिड्या, त्यांच्यावर आडवी फळी, आणि फळीवर काकू. अंगात मिस्त्रींचा जुना फुलशर्ट, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी. रोलर आखूड दांडीचा. लांब दांडी लावून खालच्या खालीच छत उरकणारे रंगारी पुष्कळ आहेत, पण लांब दांडीने रंग लागतो, बसत नाही, असं त्या म्हणत. सुरुवात खिडकीपासून. एक पट्टा मारायचा, त्याची कड ओली आहे तोवर दुसरा त्याला भिडवायचा, मग तिसरा. कड सुकली की तिथे जोड दिसतो, आणि एकदा दिसलेला जोड मग कायमचाच दिसत राहतो. म्हणून मध्ये थांबायचं नाही. दाराची घंटा वाजो, फोन वाजो, मानेचा काटा ढिला होवो, छत सुरू केलं की संपेपर्यंत माणूस वर.

खाली मिस्त्री. भरलेला ट्रे वर द्यायचा, रिकामा खाली घ्यायचा. आणखी एक काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. काकू दमल्या की ते सांगत. "दोन मिनिटं हात खाली घे, कड सुकत नाही तेवढ्यात," म्हणत, नाहीतर शेवटचा पट्टा झाला रे झाला की, "उतर आता." काकूंचं तोंड छताकडे, मिस्त्रींना दिसणार फार तर टोपीचं टोक. तरी त्यांना बरोबर कळायचं. कसं कळतं, हे काकूंनी कधी विचारलं नाही. आपला नवरा आहे, त्याला नाही कळणार तर कुणाला, एवढ्यावर त्यांनी ते सोडून दिलं होतं.

मुळात छतं काकूंकडे कशी आली, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मिस्त्रींना पहिलं स्वतंत्र काम मिळालं. काकू हाताखाली म्हणून गेल्या. मिस्त्री फळीवर चढले, उभे राहिले, आणि उभेच राहिले. उस्तादाकडे असताना त्यांच्या वाट्याला भिंतीच आल्या होत्या, त्यामुळे आपल्याला उंचीचं भय आहे हे त्यांनाही त्या क्षणी कळलं. पाय लटपटत होते, चेहरा पांढराफटक. काकूंनी चकार शब्द न काढता त्यांना हाताला धरून खाली घेतलं, बाह्या दुमडल्या आणि स्वतः वर गेल्या. घरमालक आला तेव्हा निम्मं छत झालं होतं. छत बाई करतात का, असं त्याने मिस्त्रींना विचारलं. भिंत कुणीही करतं, काकूंनी वरूनच उत्तर दिलं. नवऱ्याची अब्रू झाकायला बोललेलं वाक्य पुढे त्यांचं त्यांनाच पटून गेलं.

या जोडप्याचा आणखी एक नियम होता, आणि पुढे तोच नडला. उघडलेला डबा अर्धा ठेवायचा नाही. ठेवला की वर साय धरते, तळाशी गाळ बसतो आणि पुढच्या वेळी तीच छटा काही केल्या जुळत नाही. त्यामुळे कामावर जे काही उरेल ते त्याच दिवशी घरी येऊन कुठेतरी लागायचं. त्यांचं घर म्हणजे गिऱ्हाइकांची यादीच होती. न्हाणीघराचं दार हेडमास्तरांच्या हिरव्यात, स्वयंपाकघराची एक भिंत दातांच्या दवाखान्याच्या निळ्यात, कपाटाचं आतलं अंग कुठल्याशा नव्या नवरानवरीच्या गुलाबीत. लेक लहान होती तेव्हा मैत्रिणींना घरी आणायला लाजायची. मोठी झाल्यावर मुद्दाम आणून दाखवायला लागली.

निजायच्या खोलीचं छत तेवढं कोरं राहिलं. उरल्यासुरल्या रंगात छत होत नाही. त्याला भरलेला डबा लागतो आणि अख्ख्या दिवसाची सवड, आणि ही दोन्ही एकदम कधी जमून आली नाहीत. पुढच्या महिन्यात करू, काकू म्हणत. तो महिना बावीस वर्षं पुढेच राहिला. गिलावा पिवळा पडला, एका कोपऱ्यात पाणी मुरून तपकिरी डाग उमटला. लोकांच्या डोक्यावर दुधासारखं पांढरं आणि आपल्या डोक्यावर हे, असं काकू हसून म्हणत. पण त्यांना ते छत करायचं होतं. अगदी मनापासून करायचं होतं. कुणी दोष काढणार नाही, कुणी घाई करणार नाही, असं एक छत त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

मग एका जिन्यावर काम करताना फळी सरकली. काकूंनी उजव्या हाताने खिडकीचा गज धरला म्हणून त्या पडल्या नाहीत, पण सगळ्या अंगाचा भार त्या एका हातावर आला आणि खांद्यात काहीतरी सुटलं. तपासण्या झाल्या. खांद्याच्या सांध्यात एक गोळा असतो आणि एक उथळ वाटी. वाटीभोवतीची मऊ कड फाटली होती. डॉक्टर हसतमुख होते. बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत ती कड शिवून टाकू, म्हणाले. काकूंनी एकच विचारलं, छत कधी? सहा महिन्यांत शिडीवर चढाल, असं उत्तर आलं. काकूंचं समाधान झालं. त्यापुढचं त्यांनी ऐकलं नाही, ते मिस्त्रींनी ऐकलं.

पुढचं असं होतं. शस्त्रक्रियेनंतर दुखू नये म्हणून एक साधन बसवून देणार होते. मुठीत जेमतेम मावेल असा रबरी फुगा, त्यात बधिर करणारं औषध, आणि त्यातून निघालेली, दोऱ्याहून जराशी जाड नळी थेट खांद्याच्या सांध्यात सोडलेली. फुगा आपोआप आकसत जातो आणि औषध थेंबथेंब सांध्यात पडत राहतं. फुगा कमरेच्या पिशवीत घालून घरी जायचं, खुशाल हिंडायचं. फार चांगली सोय आहे, डॉक्टर म्हणाले, आम्ही सगळ्यांनाच देतो. घरी सोडताना परिचारिकेने मिस्त्रींना नीट समजावलं. दोन दिवस झाले की हात स्वच्छ धुवायचे, पट्टी सोडवायची, नळी हलकेच ओढून काढायची. मिस्त्रींनी तिच्यासमोर ते दोनदा म्हणून दाखवलं.

ते दोन दिवस आपल्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं काकू पुढे सांगत. दिवसाउजेडी अंथरुणावर पडून राहण्याची चैन त्यांनी कधी केली नव्हती. खांदा दुखत तर नव्हताच, तो आहे की नाही हेही कळत नव्हतं. आणि वर त्यांचं ते पिवळं छत. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे कामाच्या नजरेनं पाहिलं. मिस्त्रींना हाताशी बसवलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं. डागावर आधी प्रायमरचे दोन हात. रंग पांढरा, नवा, कुणाचाही उरलेला नाही. खिडकीपासून दाराकडे नऊ पट्टे. मिस्त्री म्हणाले, दहा होतील. काकूंनी झोपल्या झोपल्या डोळ्यांनी पुन्हा मापलं आणि नऊच म्हणाल्या. मग दोघं किती तरी वेळ वर बघत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री कोपरापर्यंत हात धुऊन आले. पट्टीचं टोक त्यांनी नखाने उचललं सुद्धा. काकू कमरेच्या पिशवीत डोकावल्या.

"अहो, ह्यात अजून आहे की."

फुगा खरंच पुरता बसला नव्हता.

"दोन दिवस झाले ना पण," मिस्त्री म्हणाले.

"म्हणून काय झालं? उघडलेला डबा कधी अर्धा टाकलाय आपण?"

मिस्त्रींना हसू आलं. त्यांनी पट्टीचं टोक पुन्हा दाबून बसवलं. दुसऱ्या कुठल्याही घरात नळी त्या दुपारी निघाली असती आणि फुगा कचऱ्यात गेला असता. या दोघांना अर्धं टाकवत नव्हतं. नळी निघाली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, फुगा सुरकुतून चपटा झाल्यावर. मिस्त्रींनी तो उजेडात धरून पाहिला. थेंबसुद्धा उरला नव्हता. दोघांना बरं वाटलं.

पहिले काही आठवडे सगळं ठरल्यासारखं झालं. काकू व्यायाम करायला लागल्या, आणि त्यात कसर ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यांची बोटं दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीला लागली. त्यांनी मिस्त्रींना हाक मारून ते दाखवलं. तिथून छत हातभर राहिलं होतं. तो हातभर पल्ला पुढे कधीच सरला नाही.

चौथ्या महिन्यापासून खांदा बोलायला लागला. हात वर नेला की आतून खरखर ऐकू यायची, भिंतीवर पॉलिश पेपर घासावा तशी. मग दुखणं सुरू झालं, आधी हात उचलला की, नंतर उचलायचं मनात आणलं तरी. चौकटीची पट्टी लांब गेली, मग स्वयंपाकघरातली वरची फळी, मग डोकं. केस बांधता येईनात. मिस्त्री केस बांधून द्यायला लागले. ते इतके घट्ट आवळत की काकूंच्या भुवया दिवसभर चढलेल्या असत. हसतमुख डॉक्टर म्हणाले, व्यायामात हयगय होते आहे. काकूंना हयगय हा शब्द लागला. त्यांनी व्यायाम दुप्पट केला. जळत्या जागी आणखी घासत होत्या बिचाऱ्या, आणि सांगणारा हसत होता. त्या हसण्याची आजही चीड येते.

शेवटी लेक सासरहून आली आणि आईला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. या बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खांद्याचा जुना एक्स-रे फोटो आणि नवा फोटो दिव्याच्या पाटीवर शेजारी शेजारी लावले. जुन्यात गोळा आणि वाटी यांच्यामध्ये एक काळी फट होती. नव्यात ती नव्हती. हाड हाडाला टेकलं होतं.

ती फट रिकामी नसते, बाई म्हणाल्या. तिथे हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, गुळगुळीत, काचेसारखी. तिच्यामुळे सांधा घसरतो, घासत नाही. काकूंची कूर्चा जवळजवळ गेली होती. बाईंनी फाईल मागच्या पानापर्यंत वाचली, त्या साधनाची एक ओळ होती तिथे त्या थांबल्या, आणि फुग्याबद्दल विचारलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. बधिर करणारं औषध एखाद्या वेळी टोचणं वेगळं आणि दिवसरात्र सांध्याच्या आत ठिबकत ठेवणं वेगळं. तसं ठेवलं की कूर्चेतल्या पेशी मरू शकतात. सगळ्यांच्याच मरतात असं नाही, पण ज्यांच्या मरतात त्यांच्या परत येत नाहीत. हे आता माहीत झालेलं आहे. सांध्याच्या आत ती नळी ठेवायला नको होती.

मग मिस्त्रींनी विचारलं.

"नळी मी एक दिवस उशिरा काढली. त्यानं झालं का हे?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दोन दिवसांत काढली त्यांनाही झालंय. चूक नळी आत ठेवणाऱ्याची आहे, तुमची नाही. पण त्या एका दिवसानं काहीच फरक पडला नसेल, असं मी सांगू शकत नाही."

बाईंनी तेवढं एक खोटं बोलायला हवं होतं, असं लेकीला वाटून गेलं. मग तिनेच पुढचं विचारलं. पुढे एवढंच, की दुखणं फारच असह्य झालं तर सांधा बदलता येतो. बदललेला सांधाही झिजतो, म्हणून जितकं लांबवता येईल तितकं बरं. बदलल्यावर दुखणं पुष्कळ कमी होईल, हात खांद्यापर्यंत जाईल, नशीब असलं तर थोडा वर.

"छत?" काकूंनी विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. काकू तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, लेकीसमोर आणि त्या अनोळखी बाईंसमोर रडल्या.

काकू आणि मिस्त्री पहिल्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. ते अजून हसतमुख होते. असं क्वचित होतं, म्हणाले, आणि फुगा आणलाय का, असं विचारलं. फुगा कधीच कचऱ्यात गेला होता, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत वापरून. लेक म्हणाली, मी सोडणार नाही, फाईल आहे आपल्याकडे. ती खरंच अर्जामागून अर्ज करत राहिली, आणि त्याचं जे व्हायचं ते होईल. पण काकूंना जे हवं होतं ते कुठल्याच अर्जाने मिळणारं नव्हतं.

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. मिस्त्रींना वाटे, आपले हात धुतलेले होते, पट्टीचं टोक उचललेलं होतं, तेव्हा ओढायला काय झालं होतं आपल्याला? काकूंना वाटे, तो माणूस काढतच होता, आपली जीभ आडवी आली. एकाच चुकीवर दोघं आपापला हक्क सांगत होते, तोही मनातल्या मनात. मिस्त्री भिंतीची कामं एकटेच घ्यायला लागले. छताचं कुणी विचारलं तर दुसऱ्या रंगाऱ्याचं नाव सांगत आणि लगेच विषय बदलत.

काकूंना मात्र छतावाचून दुसरं काही दिसेना. बँकेत रांगेत उभ्या राहिल्या की त्या वर बघत. दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या घरी, आधी नजर वर. हा जोड कुणी ठेवला, इथे लांब दांडी चालवली आहे, असं पुटपुटत. त्यांना काय काय आठवायचं. रिकाम्या खोलीतला आवाजाचा घुमारा. पापणीवर पडलेला थंड थेंब. शेवटच्या पट्ट्याला मानेत उठणारी ती कळ सुद्धा, जिला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या होत्या. एकदा त्या चक्क हेडमास्तरांकडे गेल्या. काही काम नाही, छत बघायला आले, म्हणाल्या. हेडमास्तरांनी आरामखुर्ची रिकामी करून दिली. काकू तीत मागे रेलून अर्धा तास आपलं छत बघत राहिल्या, आणि हेडमास्तर बाजूच्या स्टुलावर, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, काही न बोलता बसून राहिले.

आणि एक दिवस असं झालं. काकू एका रात्रीपुरत्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. परत आल्या तर घरात नव्या रंगाचा वास. त्या निजायच्या खोलीच्या दारात गेल्या. पलंग भिंतीला सरकवलेला, त्यावर जुन्या चादरी. कोपऱ्यातला डाग प्रायमरखाली गेलेला. तो मिस्त्रींनी आदल्या दिवशी त्या नसताना उरकला होता म्हणे, शिडीला मिठी मारून. खिडकीपाशी दोन घोडे, वर फळी. भिंतीला ती औषधाची चिठ्ठी चिकटवलेली, लिहिलेली बाजू बाहेर. आणि फळीवर, वर्तमानपत्राची टोपी घालून, हातात आखूड दांडीचा रोलर धरून मिस्त्री उभे. चेहरा पांढराफटक. बावीस वर्षांपूर्वी होता तसा.

"आधी खाली या," काकू म्हणाल्या.

"डबा उघडलाय. पहिला पट्टा मारून झाला," मिस्त्री म्हणाले. "तू सांगत जा, मी मारतो. नऊ लिहिलेत."

काकूंना राग आला. असला राग आला की त्यांना वाटलं, उजव्या हाताने घोडाच हलवावा. त्यांचं छत होतं ते. त्यांनी राखून ठेवलेलं. पण पहिल्या पट्ट्याची कड ओली होती, आणि ओली कड समोर असताना भांडत बसणं त्यांना येत नव्हतं.

"ट्रेवर रोलर निथळून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि दाबू नका. रंग तुमच्याशी वैर करत नाही."

दुसरा पट्टा झाला. तिसरा. काकू खालून सांगत होत्या, डावीकडे सुटलं, तिथे पुन्हा एक हात, आता पुढे. डाव्या हाताने त्या ट्रे वर देत होत्या. रंग बरा बसत होता. भिंतीवाल्याच्या मानाने फारच बरा, पण हे त्या बोलल्या नाहीत. चौथ्या पट्ट्याला त्यांच्या लक्षात आलं की आपण छत बघतच नाही आहोत. मिस्त्रींचा चेहरा दिसत नव्हता, टोपीचं टोक तेवढं दिसत होतं. डोळ्यांसमोर होते ते पाय. पायांची बोटं फळीच्या कडेला घट्ट रुतलेली. टाचा मधूनच उचलत होत्या आणि पुन्हा टेकत होत्या. पोटरीत एक शीर थरथरत होती. माणूस किती दमलाय, किती घाबरलाय, सगळं तिथे लिहिलेलं होतं.

म्हणजे हे असं कळायचं ह्यांना, काकूंच्या मनात आलं. बावीस वर्षं हा माणूस खाली उभा राहून आपले पाय बघत होता.

पाचवा पट्टा संपला. मिस्त्रींनी रोलर पुन्हा ट्रेमध्ये बुडवला. त्यांच्या दोन्ही टाचा आता फळीला टेकतच नव्हत्या.

"मिस्त्री," काकू म्हणाल्या, "उतरा आता."

"अजून चार आहेत."

"असू देत."

"कड सुकेल. जोड दिसेल."

"दिसू दे."

मिस्त्रींना काही क्षण ते कळलंच नाही. या घरात हे वाक्य कधी कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी रोलर ठेवला आणि फळीवर बसले. एकेक पायरी चाचपत ते खाली येत होते तेव्हा काकूंनी डाव्या हाताने घोडा धरला होता आणि उजवा, जेवढा उचलला तेवढा, त्यांच्या पाठीला लावला होता. खाली आल्यावर मिस्त्री जमिनीवरच बसले. टोपी काढून हातात धरली.

"त्या दिवशी मी नळी काढायला हवी होती," ते म्हणाले.

"मी काढू दिली नाही."

"तू औषधाच्या गुंगीत होतीस. मी शुद्धीत होतो."

"मीही शुद्धीतच होते हो. मला ते छत करायचं होतं ना, म्हणून कुठलंच काही अर्धं नको वाटत होतं." काकू त्यांच्या शेजारी टेकल्या. "आपण दोघांनी मिळून केलं ते. एकट्यानं घेऊ नका तुम्ही."

मिस्त्री रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं. वर कड सुकत होती. पाचव्या पट्ट्यापाशी पांढऱ्याची चमक विझत गेली आणि जुना पिवळा गिलावा त्याला टेकून तसाच उभा राहिला. दोघं बसल्या जागेवरून ते होताना बघत होते. नंतर काकू उठल्या, डब्यावर झाकण ठेवलं आणि डाव्या मुठीने ठोकून बसवलं. त्या घरात ठेवला गेलेला तो पहिला अर्धा डबा.

आता त्या खोलीत खिडकीकडून पाच पट्टे पांढरं आणि दाराकडून चार पट्टे पिवळं, असं छत आहे. मधला जोड आंधळ्यालाही दिसेल. लेक आली की म्हणते, कुणालातरी बोलावून पुरं करून घेऊ या. मिस्त्रीही एकदा भीत भीत म्हणाले, मी पुन्हा चढून बघतो. काकू दोघांनाही नको म्हणाल्या. त्यांच्या खांद्याचा सांधा अजून बदललेला नाही; तो बदलायचा दिवस त्या पुढे ढकलत असतात. सकाळी जाग आली की त्या आधी तो जोड शोधतात. मग पांघरुणाखाली त्यांचा उजवा हात हलतो, पहिला पट्टा, दुसरा पट्टा, दुखेल तिथपर्यंत जातो आणि थांबतो. मिस्त्री शेजारी जागे असतात.

"राहिलेले चार माझे आहेत," काकू म्हणतात, आणि उठून चहा ठेवायला जातात.